कॉलेजच्या खेळाडूंना पगार मिळावा का, आणि त्यांनी युनियन करावी का?

शेवंती_ओहायो
नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावीत आहे. सात वर्षांची असल्यापासून पोहते. २०० यार्ड बटरफ्लाय ही तिची शर्यत. पहाटे साडेचारला गाडी काढायची, तिला तलावावर सोडायचं, मागच्या सीटवर शिऱ्याचा डबा ठेवायचा, हे आमच्या घरात दहा वर्षं चाललंय. जूनपासून कॉलेजांच्या कोचचे फोन येऊ लागले आणि आम्ही सगळे हवेत होतो.

गेल्या आठवड्यात एका कोचनं मात्र सरळ सांगितलं, "मुलगी चांगली आहे, पण पुढच्या वर्षी आमच्या संघात किती जागा राहतील ते मलाच ठाऊक नाही." कारण विचारलं तर 'हाऊस' खटला, म्हणजे पैसे मिळू दिले नाहीत म्हणून खेळाडूंनी एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडा संस्थेवर लावलेला दावा. मग मी वाचायला बसले. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा. पहिल्या वर्षी एका कॉलेजला जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. त्याबरोबर प्रत्येक खेळाच्या संघाला खेळाडूंची कमाल संख्या ठरवून दिली. खटला ज्याच्या नावाचा, तो ग्रँट हाऊस अ‍ॅरिझोना स्टेटचा पोहणारा! आणि जागांची भीती आता पोहणाऱ्यांनाच.

नवरा म्हणतो, "शिक्षण फुकट मिळतंय, वर पगार कशाला?" मलाही आधी तसंच वाटायचं. पण आमच्या शेजारचा मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर गेला होता. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला, आणि तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण झालं नाही. आई दोन नोकऱ्या करते. त्याचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं. त्या घरासमोरून जाताना माझं मत डळमळतं.

तुम्हाला काय वाटतं? पगार असावा का? आणि युनियन करून वाटाघाटी कराव्यात का? मुलं कॉलेजात खेळत असतील त्यांनी जरूर लिहा.

चिंचोका
पहाटे साडेचारला उठणाऱ्या आईला आधी पगार द्या! आयांची युनियन काढा शेवंतीताई, मी पहिली सभासद.

गल्लीचा_कप्तान
माझं मत स्पष्ट आहे: पगार नको. आपण खेळलो ते खेळ आवडायचा म्हणून. इथे वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलरचं शिक्षण, राहणं, जेवण, उत्तम कोच, डॉक्टर, सगळं मिळतं. मी पुण्यातलं घर गहाण ठेवून इथे एमएस केलं आणि सात वर्षं हप्ते फेडले. ज्याला कर्जाशिवाय पदवी मिळते तो कामगार कसा? पगार आला की अठरा वर्षांचं पोर दरवर्षी जास्त पैसे देणाऱ्या कॉलेजात उडी मारणार. ते सुरूही झालंय. संघ, गाव, निष्ठा हे शब्दच संपतील.

अ‍ॅन_आर्बरचा_वाटसरू
कप्तान, तुमची कर्जाची गोष्ट माझीही आहे, त्यामुळे राग समजतो. पण एकदा शनिवारी आमच्या गावात या.

मी इथे पंधरा वर्षं राहतोय. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. सामन्याच्या दिवशी सकाळी सातपासून लोक अंगणात गाड्या लावू देतात आणि त्याचे पैसे घेतात. हॉटेलांचे दर तिप्पट. टी-शर्ट, टोप्या, बिअर, टीव्हीच्या गाड्या. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचा २०२२ मधला टीव्ही करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरहून मोठा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो.

या जत्रेत अंगण भाड्यानं देणाऱ्या आजींनाही पैसे मिळत होते. ज्यांना बघायला लाख लोक आले त्या मुलांनी २०२१ पर्यंत स्वतःची सही विकली तर मात्र गुन्हा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉलपटू रेगी बुशनं घेतलेल्या लाभांपायी २०१० मध्ये त्याची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार, गेली. ती परत मिळायला २०२४ उजाडलं.

निष्ठेचं म्हणाल तर कोच करार अर्ध्यावर टाकून दुसरीकडे जातात. निष्ठेची अपेक्षा एकट्या पोरांकडूनच का?

चिंचोका
१,०७,६०१!! आमचं अख्खं तालुक्याचं गाव बसवून वर सोयऱ्याधायऱ्यांनाही जागा उरेल.

कलम_आणि_कागद
मी वकील आहे, कामगार कायद्यातली नाही, पण हा विषय कित्येक वर्षं वाचतेय. सगळ्यात आधी 'स्टुडंट-अ‍ॅथलीट', म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू', हा शब्द कुठून आला ते सांगते, कारण सगळं भांडण त्या शब्दात आहे.

१९५५ मध्ये कोलराडोतल्या फोर्ट लुईस या छोट्या कॉलेजच्या रे डेनिसन नावाच्या फुटबॉलपटूचा डोक्याला मार लागून मृत्यू झाला. त्याच्या पत्नीनं कामगार नुकसानभरपाईचा दावा लावला. तिचं म्हणणं साधं होतं: नवरा कॉलेजसाठी खेळताना गेला, म्हणजे कामावर गेला. १९५७ मध्ये कोलराडोच्या सर्वोच्च न्यायालयानं दावा फेटाळला. त्याच काळात एनसीएएनं हा शब्द रुजवला, आणि तो सगळीकडे सक्तीनं वापरायला लावला. नियमांत, कार्यक्रमपत्रिकेत, पत्रकांत. कारण 'खेळाडू' म्हटलं की 'कामगार' फार लांब नसतो. हे मी कुणाच्या टीकेवरून सांगत नाही. एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय, आणि तोवर ते या सगळ्या व्यवस्थेच्या विरोधात गेले होते. ज्यानं घर बांधलं त्यालाच त्यात राहवेना.

१९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळताना केंट वॉल्ड्रेपच्या मणक्याला इजा झाली आणि तो कायमचा लुळा झाला. त्याचा दावा चालत चालत २००० पर्यंत गेला. निकाल तोच: तू कामगार नव्हतास.

म्हणून मला पगाराच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो. शरीर मोडलं तर खर्च कुणाचा?

शेवंती_ओहायो
कलमताई, डेनिसनच्या बायकोबद्दल वाचून मी स्वयंपाक तसाच ठेवून बसले. शेजारच्या मुलाच्या आईलाही हेच सांगितलं होतं, की तो खेळाडू म्हणून आला होता, नोकरीवर नव्हता. सत्तर वर्षांत वाक्यसुद्धा बदललेलं नाही.

हिशेबवही
दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. भावना बाजूला ठेवून आकडे बघा. एनसीएएत पाच लाखांच्या वर खेळाडू आहेत. त्यातले व्यावसायिक होणारे दोन टक्क्यांहून कमी. टीव्हीचा पैसा येतो तो जवळजवळ सगळा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलमधून, तोही मोठ्या साठ-सत्तर विद्यापीठांत. बाकीची कॉलेजं खेळावर खर्चच करतात. तो खर्च इतर विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो, आणि त्यांत कर्ज काढून शिकणारी मुलंही असतात.

पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, अ‍ॅथलेटिक्स यांचा खर्च फुटबॉल उचलतो. फुटबॉलचे पैसे फुटबॉलवाल्यांना दिले की हे खेळ आधी कापले जाणार. अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा मोठा हिस्सा कॉलेजांतूनच येतो. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटमध्ये घडला. २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचा उंच उडीतला विजेता, आणि २०२२ लाच राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य. उंच उडी बघायला कोण तिकीट काढतं? तिचा खर्च फुटबॉलनं काढलेल्या तिकिटांतून होतो. शेवंतीताईंच्या लेकीची जागा याच हिशेबात अडकली आहे.

अ‍ॅन_आर्बरचा_वाटसरू
हिशेबवही, तुमचा मुद्दा खरा आहे, पण पैसा नव्हता असं म्हणू नका. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमनं कोच जिंबो फिशरला काढलं, तेव्हा त्यानं *न शिकवण्याबद्दल* साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचं कबूल केलं. तेवढ्यात पोहण्याचे किती संघ किती वर्षं चालले असते ते तुम्हीच तुमच्या वहीत मांडा. खेळाडूंना द्यायचं नव्हतं म्हणून तो पैसा कोच, मैदानं आणि चकाचक लॉकर रूमकडे वाहत गेला.

हिशेबवही
मांडलं. उत्तर तुमच्या बाजूनं येतं, हे मान्य करतो. पण कापणी करायची वेळ आली की कोचचा पगार कापत नाहीत, पोहण्याचा संघ कापतात. ती भीती अजून माझ्या मनातून जात नाही.

वारीतला_पीएचडी
या चर्चेत 'विद्यार्थी असेल तर कामगार कसा' हे दोनदा आलंय, म्हणून लिहितो. मी तर दोन्ही आहे!

चौथ्या वर्षाला टीचिंग असिस्टंट आहे. कागदावर आठवड्याला २० तास. मिडटर्मच्या आठवड्यात ते कधी ३५ होतात. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा घेऊन मी बसमधून प्रवास करतो. विद्यापीठही हेच म्हणायचं: तुम्ही शिकायला आलात, हे तुमच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळानं कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात निर्णय दिला की शिकवणारे विद्यार्थी हे विद्यार्थीही आहेत आणि कर्मचारीही. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८,००० जणांचा संप झाला. आम्ही दुसऱ्या राज्यात बसून फोनवर बघत होतो. पुढच्या वर्षी आमच्याकडेही युनियन झाली. पहिल्या करारात पगार थोडाच वाढला. पण दातांचा विमा आला, आणि तासांची तक्रार कुठे करायची ते लेखी झालं. माझ्या खोलीतला मित्र अकोल्याचा, व्हिसावर, कुठे काही बोलायला घाबरायचा. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लेखी तक्रार केली आणि त्याचं काहीही वाईट झालं नाही. हे मला पगारवाढीपेक्षा मोठं वाटलं.

निशिगंध_डॉक्टर
महाराष्ट्रात तर आम्ही हे कधीचं जगतोय. निवासी डॉक्टर म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थीच की! फी भरतो, परीक्षा देतो, आणि छत्तीस-छत्तीस तास वॉर्डात असतो. विद्यावेतन म्हणा की पगार म्हणा. मार्डनं संप केले म्हणून ते वाढलं, होस्टेलच्या खोल्यांचा प्रश्न निघाला, सुरक्षारक्षक आले. माझ्या वेळी एका खोलीत चौघं झोपायचो. "तुम्ही शिकायला आलात" हे वाक्य आम्हालाही पाठ आहे. शिकत होतोच. रुग्णालयही आमच्यावरच चालत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

गल्लीचा_कप्तान
डॉक्टर आणि फुटबॉलपटू यांची तुलना? तुम्ही जीव वाचवता हो. आणि युनियनचं म्हणाल तर मी लालबागचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होतो. वडील परळच्या गिरणीत. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या चाळीतल्या अर्ध्या घरांनी भांडी विकली. युनियन म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, तो मतांनी जात नाही.

कलम_आणि_कागद
कप्तान, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ती भीती अनुभवातून आली आहे, तिला उत्तर म्हणून मी कायदा सांगणार नाही. एवढंच विचारते: वडील संपात उतरले ते का, हे ते कधी बोलले?

गल्लीचा_कप्तान
बोलायचे. बदली कामगार होते. अकरा वर्षं बदलीच. रोज सकाळी दारावर उभं राहायचं, काम मिळेल की नाही ठाऊक नाही.

(थांबतो जरा.)

शेवंती_ओहायो
कप्तानदादा, वर्षावर्षानं नूतनीकरण होणाऱ्या शिष्यवृत्तीबद्दल वाचताना मला नेमका शब्द सापडत नव्हता. तुमच्या वडिलांचा शब्द तोच आहे.

तलवार_आणि_तूपभात
मी इथे फक्त वाचते, पण आज लिहितेच. न्यू जर्सीत वाढले, मराठी आईनं शिकवलं, चुका पोटात घाला. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, तलवारबाजी खेळते, तिसरं वर्ष.

एनसीएएचा नियम आहे: मोसमात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव नाही. ऐकायला छान वाटतं. पण प्रवास त्यात धरत नाहीत. फिजिओकडचा वेळ धरत नाहीत. 'ऐच्छिक' सराव धरत नाहीत, आणि ऐच्छिक सरावाला कोण आलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. स्पर्धेचा अख्खा दिवस तीन तास म्हणून मोजतात. सकाळी सातला पोचतो, रात्री आठला निघतो, वहीत तीन तास! मी ऑरगॅनिक केमिस्ट्री विमानतळावर जमिनीवर बसून शिकले आहे.

पैसे मिळाले तर आवडतील, खोटं कशाला बोलू. पण तलवारबाजीला कुणी पैसे देणार नाही, आणि मला त्यात अन्याय वाटत नाही. मला दुसरंच हवंय. मागच्या वर्षी घोटा दुखत होता. खेळू की नको हे सांगणारा ट्रेनर ज्या विभागाचा, त्याच विभागाला मी खेळायला हवी होते. मी खेळले. आता पायऱ्या उतरताना कठडा धरते, वय वीस. मला असा डॉक्टर हवा जो कोचला उत्तर द्यायला बांधील नाही. आणि ते मागायला मी एकटी गेले तर मी 'तक्रारखोर'. सगळ्या मिळून गेलो तर?

चिंचोका
बाळा, मराठीत एकही चूक नाही. घोट्याला नीट दाखव, बाहेरच्या डॉक्टरांना. आई जवळ आहे का?

निशिगंध_डॉक्टर
तूपभात, एमआरआय झाला नसेल तर आग्रह धर. मला व्यक्तिगत निरोप पाठव, काय विचारायचं ते लिहून देते.

वारीतला_पीएचडी
ही पोस्ट वाचून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आठवलं. तिथल्या फुटबॉल संघानं २०१४ मध्ये युनियनचा अर्ज केला, क्वार्टरबॅक केन कोल्टर पुढे होता. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. केमिस्ट्रीचा वर्ग आणि सराव एका वेळी येत होते, आणि ते स्वप्न सोडावं लागलं, असं त्यानं सुनावणीत सांगितलं. आपल्या घरांत केमिस्ट्री बुडाली तर काय होतं ते सांगायला नकोच!

त्याच कामगार संबंध मंडळाचे शिकागोचे प्रादेशिक संचालक पीटर ओर यांनी मार्च २०१४ मध्ये निर्णय दिला की शिष्यवृत्तीवरचे खेळाडू कर्मचारी आहेत. मोसमात आठवड्याला ४० ते ५० तास जातात, हे त्यांनी निकालात नोंदवलं. एप्रिलमध्ये मतदान झालं, पण पेट्या सील राहिल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये वरच्या मंडळानं प्रकरण हाती घ्यायलाच नकार दिला, आणि ती मतं कधीच मोजली गेली नाहीत. त्यांची पहिली मागणी पगार नव्हतीच. डोक्याच्या दुखापतींपासून संरक्षण, खेळ संपल्यावरही उपचाराचा खर्च, शिष्यवृत्तीची हमी, हे मागत होते ते. तूपभात मागते तेच.

निळा_सदरा
वरच्या मंडळानं नकार दिला म्हणजे काय? कर्मचारी आहेत की नाहीत?

कलम_आणि_कागद
त्यांनी उत्तरच दिलं नाही. हो नाही आणि नाहीही नाही. कारण असं की केंद्रीय कामगार संबंध कायदा फक्त खासगी मालकांना लागतो. तेव्हा सर्वोच्च स्तरावर फुटबॉल खेळणारी जवळपास सव्वाशे विद्यापीठं, त्यातली खासगी फक्त १७. एकाच संघाला युनियन दिली तर स्पर्धेचा तोल जाईल, असं मंडळाचं म्हणणं. सरकारी विद्यापीठांना राज्याचा कायदा लागतो. शेवंतीताई, तुमच्या ओहायोनं २०१४ मध्येच कायद्यात लिहून टाकलं की हे खेळाडू सरकारी कर्मचारी नाहीत. मुलीचं कॉलेज नदीच्या या काठाला की त्या, यावर तिचे हक्क ठरणार.

डार्टमाउथची गोष्टही सांगते. तिथे खेळाची शिष्यवृत्तीसुद्धा नसते, कारण ते आयव्ही लीग या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटात आहे. तिथल्या भोजनगृहात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी युनियन केली. ते बघून बास्केटबॉलच्या मुलांनी विचार केला, की ताटं धुणारा कर्मचारी असेल तर आम्ही का नाही? फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रादेशिक संचालकांनी हो म्हटलं. ५ मार्चला मतदान झालं: १३ विरुद्ध २. कॉलेजनं वाटाघाटीला बसायला नकार दिला. मंडळावरची माणसं बदलणार हे दिसल्यावर ३१ डिसेंबरला युनियननं अर्जच मागे घेतला, म्हणजे निदान विरोधी निकाल तरी कायमचा बसू नये. तेरा मुलांनी एवढं धैर्य केलं आणि ते असं थांबलं, याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा, जो बातम्यांत हरवतो. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात ९-० नं सांगितलं की एनसीएएलाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू आहे. सगळ्या कॉलेजांनी मिळून 'कुणालाच यापेक्षा जास्त द्यायचं नाही' असं ठरवणं संगनमत ठरू शकतं. मग बास्केटबॉलच्या एनबीएत पगाराला कमाल मर्यादा कशी चालते? कारण ती खेळाडूंच्या युनियनशी बसून ठरवलेली असते. वाटाघाटीतून आलेल्या मर्यादेला कायदा संरक्षण देतो. कॉलेजची २ कोटी ५ लाखांची मर्यादा अशी ठरली नाही. ती एका खटल्याच्या तडजोडीतून आली. वकील होते, न्यायाधीश होत्या, पण सध्या खेळत असलेल्या मुलांनी निवडून दिलेलं कुणी तिथे नव्हतं. म्हणून पुढचे खटले येतच राहणार, आणि कॉलेजं संसदेकडे सवलत मागत फिरणार. युनियनशी बसले तर कॉलेजांचीही सुटका होईल.

हिशेबवही
हे मला नवीन आहे. माझा समज उलटा होता, की युनियन आली तर खर्च अमर्याद. तुमच्या म्हणण्यानुसार युनियन आली तरच मर्यादा टिकते?

कलम_आणि_कागद
बरोबर. आणि 'पोहण्याचा संघ कापायचा नाही' अशी अटही करारात घालता येते. आज ती कुणाकडे मागणार?

निळा_सदरा
आमचं क्रिकेट? भारतीय खेळाडूंची संघटना आहे ना?

अ‍ॅन_आर्बरचा_वाटसरू
२०१९ मध्ये झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. सध्या खेळणाऱ्यांची नाही. म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत श्रीमंत खेळातही हा प्रश्न उभाच आहे. एनबीएची युनियन तरी सहज कुठे झाली? १९६४ मध्ये बॉस्टनला ऑल-स्टार सामन्याआधी खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर यायलाच तयार नव्हते. टीव्हीवाले खोळंबले, आणि निवृत्तिवेतनाचं आश्वासन मिळालं तेव्हाच खेळले.

तलवार_आणि_तूपभात
अवांतर नाही, पण दोन गोष्टी राहिल्या. एक, २८० कोटींतला बहुतेक वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला जाणार आहे. काही मुलींनी त्याविरुद्ध अपील केलंय, शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा दाखवून. पैसे वाटायला बसले की मुली शेवटी आठवतात. युनियन झाली तर तिच्यातही आम्हाला जागा भांडूनच घ्यावी लागेल.

दोन, माझ्या संघात तीन मुली एफ-१ या परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहेत. त्यांना कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, म्हणून जाहिरातीचे पैसेही घ्यायला भितात. आम्ही फोटोशूटला गेलो तेव्हा त्या तिघी बाजूला उभ्या होत्या, आमच्या पिशव्या धरून.

वारीतला_पीएचडी
हे डोळ्यांसमोर आलं. आमच्या युनियनच्या करारात व्हिसावाल्यांसाठी वेगळं कलम आहे. ते घालायला मागे लागणारी माणसं व्हिसावालीच होती.

गल्लीचा_कप्तान
परत आलो. दोन दिवस विचार केला.

पगाराबद्दल माझं मत बदललेलं नाही. अठरा वर्षांच्या मुलाला दहा लाख डॉलर देणं मला अजून पटत नाही, आणि ते पाहून त्याच संघातल्या राखीव पोराच्या मनात काय येत असेल याचा विचार येतो. पण तलवारवाल्या मुलीनं मागितलं ते पगारात मोडत नाही. स्वतःचा डॉक्टर, खरे तास, दुखापतीनंतर हमी. हे मागायला एकत्र जावं लागत असेल तर जावं. वडिलांनी अकरा वर्षं एकट्यानं मागून पाहिलं होतं.

हिशेबवही
+१. आणि आयांच्या युनियनलाही.

निशिगंध_डॉक्टर
शेवंतीताई, तुमच्या कामाचं: १ ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनच्या कॉलेजांवर काही बंधनं आली आहेत. खेळातल्या दुखापतीचा उपचार खेळ सोडल्यावर निदान दोन वर्षं, आणि खेळातली कामगिरी घसरली किंवा दुखापत झाली म्हणून शिष्यवृत्ती काढायची नाही. तुमच्या शेजारच्या मुलाला हे मिळायला हवं होतं. पण लक्षात ठेवा, हा एनसीएएनं स्वतः केलेला नियम आहे, करार नाही. उद्या बदलला तर तुम्हाला विचारणार नाहीत. म्हणून कॉलेजकडून सगळं लेखी घ्या.

शेवंती_ओहायो
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा सुरू करताना मला एका ओळीचं उत्तर हवं होतं, हो की नाही. काल संध्याकाळी हा सगळा धागा लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. मराठी तिला सगळं कळत नाही, म्हणून मध्ये मध्ये थांबून सांगितलं. घोट्याच्या पोस्टला तिनं दोनदा थांबवलं.

आज दुसऱ्या एका कोचचा कॉल होता. प्रश्न तिनंच काढले होते, बटरफ्लायच्या वेळा लिहिते त्या वहीत. दुखापत झाली तर शिष्यवृत्तीचं काय, दोन वर्षांनंतरच्या उपचाराचं काय, ट्रेनर कुणाला उत्तर देतो. पहिल्या दोन प्रश्नांवर कोच कागद पाठवतो म्हणाले, आणि संध्याकाळी खरंच पाठवले. तिसऱ्यावर थोडं थांबून म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, शोधून सांगतो." शेवटी लेकीनं विचारलं, संघातल्या मुलींना काही म्हणायचं असेल तर त्या कुणाकडे जातात? "कप्तान माझ्याशी बोलते," ते म्हणाले. "आणि तुम्हाला पटलं नाही तर?" यावर उत्तर आलं नाही.

तिनं ते रिकामं ठेवून पुढे कॉलेजचं नाव लिहिलं. अजून चार कॉल बाकी आहेत.

तलवार_आणि_तूपभात
काकू, तिला माझा नंबर द्या. चारही कॉलच्या आधी बोलू. आणि एमआरआय बुधवारी आहे, बाहेरच्या डॉक्टरकडे. आई येतेय.